सातशेवीस पुरे

माझ्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्यात लाजायचं काय? वडील धाराशिवकडून इकडे आले आणि भोसरीच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये त्यांनी उभं आयुष्य काढलं. आई थेरगावातल्या दोन सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जाते. वडील गल्लीत माझी ओळख 'आमची इंजिनिअर' अशी करून देतात आणि मी दर वेळी मध्ये तोंड घालते, "बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स, पप्पा." त्यांना ही दुरुस्ती आवडत नाही. मला मात्र जे आहे तेच सांगायला आवडतं. जे आहे ते मला पुष्कळ आहे.

नोकरी चाकणला, क्वालिटी विभागात. गाड्यांच्या मीटरमध्ये बसणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही बनवतो. काडेपेटीएवढा हिरवा बोर्ड, त्यावर काळी चिप आणि चिपला दोन्ही बाजूंनी मुंगीच्या पायांसारखे बारीक पाय. ते पाय बोर्डाला सोल्डरने चिकटवलेले असतात. शेजारच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा ठिपका जरा जास्त पसरला की ते पाय एकमेकांना जोडले जातात. त्याला आम्ही ब्रिज म्हणतो. नुसत्या डोळ्यांना ब्रिज दिसत नाही. तो दिसतो थेट गिऱ्हाइकाला, गाडीचा मीटर बंद पडल्यावर.

ब्रिज शोधायचं काम पहिल्या शिफ्टला मावशींचं. मावशी राजगुरुनगरकडच्या, जुन्या गावातल्या. आमची कंपनी ज्या जागेवर उभी आहे ती आपल्या भावकीची होती, अशी त्यांची ठाम समजूत आहे. गेटवरच्या वॉचमनने बॅग तपासायला मागितली की त्या म्हणतात, "आमच्याच बांधावर हुबा ऱ्हाऊन मलाच इचारतुयास व्हय रं?" कंपनीतली निम्मी माणसं त्यांच्या तोंडाला घाबरून असतात. मी घाबरत नाही, कारण माझंही तोंड काही कमी नाही. आमचं जमलं ते त्यामुळेच.

पूर्वी मावशी दोन नळ्यांच्या मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून बोर्ड बघायच्या. त्यांची एक पद्धत होती. डाव्या हातात बोर्ड धरायचा आणि तो भिंगाखालून न थांबता सरकवत न्यायचा, एका ओळीत इकडून तिकडे, पुढच्या ओळीत तिकडून इकडे. ताटात तांदूळ पसरून बोट फिरवत खडा शोधावा, तसं. हात थांबला की समजायचं, काहीतरी सापडलं. दिवसभर तसं वाकून त्यांची मान धरायची. दुसऱ्या शिफ्टच्या मुलीचीही धरायची. शेवटी कंपनीने यूएसबीवर चालणारा मायक्रोस्कोप कॅमेरा आणला. बोर्ड खाली, कॅमेरा वर आणि चित्र समोरच्या मोठ्या स्क्रीनवर. ताठ बसा आणि बघा.

कॅमेरा आला तो नेमका दसऱ्याच्या आठवड्यात. प्लांटचे साहेब म्हणाले, आता खंडेनवमीलाच उघडू. त्या दिवशी आमच्याकडे सगळी मशिनं पुसून काढतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. कॅमेऱ्याची पूजा करायचा मान वयाने मोठ्या म्हणून मावशींना दिला. मावशी नव्या साडीत आल्या होत्या. हातात हळदी-कुंकवाची वाटी घेऊन त्या कॅमेऱ्याभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "आगं, ह्याचं कपाळ कुठंशी आलं?"

कुणीतरी मागून म्हणालं, "डोळा खाली आहे मावशी, म्हणजे कपाळ पण तिकडंच असणार."

मावशींनी वाकून खालून बोट लावलं. भरपूर लावलं. सगळे हसले, त्यांनाही हसू आलं.

मग साहेब स्वतः कॉम्प्युटरसमोर बसले. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेझोल्यूशनची यादी असते, म्हणजे चित्र किती बारीक ठिपक्यांचं हवं त्याचे आकडे, लहानापासून मोठ्यापर्यंत. साहेबांनी यादी सरळ तळापर्यंत नेली आणि सगळ्यात मोठा आकडा निवडला. "मोठा घेतलाय तर मोठ्यावरच चालवायचा," ते म्हणाले. भिंगाखाली एक बोर्ड ठेवला होता, भोवती झेंडूच्या पाकळ्या. स्क्रीनवर चिपवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. मीही टाळी वाजवली. बोर्ड जागेवर निवांत पडून होता. तो हलवून बघावं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाली आणि गिऱ्हाईक कंपनीकडून बोर्ड परत यायला लागले. ब्रिज असलेले. पहिल्या शिफ्टचा शिक्का असलेले. मावशींच्या टेबलावरून असं काही जाऊ शकतं, यावर आधी कुणाचा विश्वासच बसला नाही, आणि मग सगळ्यांचा एकदम बसला. लाइनचे सुपरवायझर म्हणाले, "वय झालं राव मावशींचं." मावशींना डोळे तपासायला पाठवलं. चष्म्याचा नंबर किरकोळ बदललेला निघाला, नवा चष्मा झाला, तरी बोर्ड परत येतच राहिले. मावशींचं डोकं दुखायचं, मळमळायचं. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा उघडून तशाच बसायच्या. आणि मुख्य म्हणजे त्यांची बडबड थांबली. वॉचमन बॅग मागायचा आणि त्या गुपचूप उघडून दाखवायच्या.

अशात एका सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझर आधीच तिथे होते.

"शनिवारी कस्टमरची माणसं येतायत," साहेब म्हणाले. "टेबलवर दुसरी मुलगी बसवू. मावशींना पॅकिंगला द्या. क्वालिटीचं मत लागेल, ते तुम्ही द्या."

पॅकिंग म्हणजे आठ तास उभं राहून खोकी भरायची. मावशींचे गुडघे कसे आहेत ते सगळ्या कंपनीला माहीत होतं. पॅकिंगला पाठवलं म्हणजे दोन महिन्यांत त्या आपणहून घरी बसणार, हेही तिथल्या तिघांना कळत होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

"साहेब, मत उद्या देते," मी म्हणाले. "आधी मला तो कॅमेरा बघू द्या."

"कॅमेऱ्याला काय झालंय? नवा कोरा आहे."

"म्हणूनच बघायचाय. मावशी जुन्या आहेत आणि ब्रिज जुनेच आहेत. नवा तेवढा तोच आलाय."

सुपरवायझर हसले. "मॅडमची लॉकडाऊनमधली डिग्री आहे साहेब. मोबाइलवर केलेली. स्क्रीनचं त्यांना जास्त कळतं."

हा टोमणा मला नवा नाही. माझी डिग्रीची मधली सगळी वर्षं खरंच मोबाइलवर गेली. मी म्हणाले, "बरोबर बोललात भाऊ," आणि बाहेर आले.

टेबलाजवळ गेले तर मावशी खुर्चीवरून खाली वाकून, रुमालाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसत होत्या. मला बघून दचकल्या.

"मावशी, हे काय? रुमालाने काचेला चरे पडतात."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, कुनाला बोलू नगंस. त्या दिशी माझ्या हातानं कुकू गेलं आत. मीच आंधळं केलं बघ ह्याला. रोज पुसती, पर जात न्हाई."

म्हणजे इतके दिवस ही बाई या समजुतीत होती. बोर्ड परत येत होते, लोक तिच्या वयावर बोलत होते आणि ती ऐकून घेत होती, कारण दोष आपल्याच हाताचा आहे हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. मला राग आला. कुणाचा ते नेमकं सांगता येणार नाही.

मी काच साफ करायचं लिक्विड आणि खास कागद घेऊन आले. कॅमेरा स्टँडवरून उतरवला आणि मावशींच्या देखतच पुसला. काचेच्या कडेच्या खाचेतून खरंच थोडं कुंकू निघालं. पांढऱ्या कागदावर लाल रेघ उमटली आणि मावशींचा चेहरा उतरला. "बघ. म्हनलं न्हवतं?"

कॅमेरा परत बसवला. चित्राचा एक कोपरा थोडा लालसर दिसायचा, तो स्वच्छ झाला. मावशींनी बोर्ड घेतला, हात फिरवायला सुरुवात केली आणि दोन ओळींतच डोळे मिटून घेतले. "न्हाई गं. गरगरतंयच."

"उठा," मी म्हणाले. "मला बसू द्या तिथं."

त्यांच्या खुर्चीत बसून मी त्यांच्याच पद्धतीने बोर्ड सरकवला आणि मला पहिल्या झटक्यात कळलं. हात पुढे जायचा आणि चित्र मागे राहायचं. मग चित्र एकदम उडी मारून हाताला गाठायचं. मधला पट्टा स्क्रीनवर यायचाच नाही. मी हात थांबवला तरी चित्र आणखी थोडं सरकून मग थांबलं. बसमध्ये मागे तोंड करून बसलं की पोटात जसं होतं, तसं मला झालं.

खात्री करायला मी माझ्या मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं आणि मोबाइल कॅमेऱ्याखाली ठेवला. मग सुपरवायझरांचा मोबाइल मागून घेतला आणि एकाच फोटोत दोन्ही टिपले, खालचं खरं घड्याळ आणि स्क्रीनवरचं घड्याळ. स्क्रीनवरचं घड्याळ अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे होतं. सुपरवायझरांनी फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला. "च्यायला," ते म्हणाले.

कारण अवघड नव्हतं. सगळ्यात मोठ्या आकड्यावर एकेक चित्र इतकं जड होतं की यूएसबीच्या वायरीतून सेकंदाला चार-पाचच चित्रं पोचत होती; या वेगालाच फ्रेम रेट म्हणतात. डोळ्याला हलतं चित्र सलग वाटायला त्याच्या पाच-सहापट तरी लागतात. थांबलेला बोर्ड सुंदर दिसायचा, हलता बोर्ड तुकड्यातुकड्यांनी. दुसऱ्या शिफ्टची मुलगी मायक्रोस्कोपवरही थांबत थांबतच बघायची, बोर्ड ठेवायचा, बघायचं, पुढे ढकलायचा. म्हणून तिच्या हातून ब्रिज निसटत नव्हते. मावशींचा हात चालता होता. जो पट्टा स्क्रीनवर आलाच नाही, त्यातला ब्रिज त्यांना दिसणार कुठून? साक्षात गरुडाचे डोळे लावले असते तरी दिसला नसता.

मोबाइलवरची डिग्री म्हणतात ना, तिथेच मी हे शिकले होते. लॉकडाऊनमध्ये थेरगावच्या आमच्या खोलीत आम्ही चौघं आणि एक मोबाइल. लेक्चरचं चित्र चांगलं ठेवलं की ते गोल गोल फिरत बसायचं आणि सर काय म्हणाले त्याचं निम्मं वाक्य हरवायचं. अगदी खालच्या आकड्यावर आणलं की लेक्चर सुरळीत चालायचं, पण फळ्यावरचा तीन आणि आठ सारखाच दिसायचा. आई पलीकडून म्हणायची, "अगं, दिसतंय तेवढं बघ ना." पण परीक्षेत तीनच्या जागी आठ लिहून चालत नाही. मग मी रोज लेक्चरच्या सुरुवातीला आकडा खाली-वर करून बघायचे आणि अक्षर वाचता येईल पण चित्र थांबणार नाही अशा जागी तो सोडायचे. नेटवर्क चांगलं असलं तर एक पायरी वर, नाहीतर एक खाली. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. अशा मोबाइलवर मी फर्स्ट क्लास काढला. ज्याला टोमणा मारायचाय त्याने खुशाल मारावा.

तर मी यादी उघडली. आधी कॅमेऱ्याची वायर काढली. ती एका छोट्या हबमध्ये घातलेली होती आणि त्याच हबमध्ये कीबोर्ड, माउस आणि बारकोडचा स्कॅनर, सगळे दाटीवाटीने. कॅमेरा थेट कॉम्प्युटरच्या मागे जोडला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग सगळ्यात छोटा आकडा घेतला, ६४० बाय ४८०. मावशींना बसवलं.

त्यांनी हात फिरवला आणि "आरं तिच्या!" म्हणाल्या. "पळतंय की हे!"

"डोकं?"

"डोस्कं न्हाई दुखत." आणखी एक ओळ सरकवून त्या स्क्रीनच्या जवळ गेल्या. "पर पाय समदे एकात एक मिसळल्यात गं. आन ही चिपवरली गोल टिकली अंड्यावानी का दिसतीया?"

बरोबर होतं. ठिपके कमी पडले होते, त्यामुळे चिपचे पाय एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. चांगल्या बोर्डवरही ब्रिज वाटला असता. शिवाय हा आकडा जुन्या टीव्हीच्या मापाचा, आणि आमची स्क्रीन लांबट, म्हणून चित्र आडवं ताणलं जात होतं. हा बाद.

मग १९२० बाय १०८० घेतला. थांबल्यावर छान, हलवल्यावर थोडी ओढ राहत होती, म्हणजे चित्र हाताच्या जरा मागून येत होतं. यादी नीट पाहिली तर तोच आकडा दोनदा होता. एक कच्च्या चित्राचा आणि एक दाबून लहान केलेल्या चित्राचा. दाबलेलं चित्र वायरीतून भरभर येतं. तो लावल्यावर पुष्कळ सुधारलं, पण आमचा कॉम्प्युटरही काही कालचा नव्हता. दाबलेलं चित्र उलगडताना तो धापा टाकायचा आणि मधूनच एखादा झटका यायचा. मावशींचा हात त्या झटक्याला अडखळायचा.

एक पायरी खाली आले. १२८० बाय ७२०, दाबलेला. मावशी न अडखळता तीन ओळी गेल्या. मग म्हणाल्या, "उजेड वाढीव जरा."

कॅमेऱ्याभोवती गोल दिवे असतात. डोळ्यांवर चमक येते म्हणून मावशींनीच ते मंद करून ठेवले होते. पण उजेड कमी असला की कॅमेरा एकेक चित्र घ्यायला जास्त वेळ खातो आणि पुन्हा ओढ येते. मी दिवे पूर्ण केले आणि चमक मारायला त्यावर बटर पेपरचा गोल कापून लावला. कॅमेरा थोडा खाली घेतला, म्हणजे चित्रात बोर्डाचा कमी भाग येईल पण पाय मोठे दिसतील. मोठा आकडा लावून जे मिळवायचं, ते असं जवळ जाऊन मिळतं. त्याला फक्त हाताच्या ओळी थोड्या जास्त लागतात.

मावशींचा हात चालू लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मध्येच थांबला. बोट स्क्रीनवर गेलं. "ह्यो बघ बसलाय मेला."

ब्रिज होता.

त्यांनी बोर्ड बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "म्हंजी माझं कुकू न्हाई नडलं?"

"कुंकू काचेच्या कडेला होतं मावशी. त्याने एक कोपरा लालसर दिसत होता, बास. बोर्ड त्यामुळे नाही गेले. आकडा चुकीचा लावला होता."

"कुनी?"

"साहेबांनी."

मावशींच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी जुनं काहीतरी आलं. "व्हय का," त्या म्हणाल्या. "आन गोळ्या मी खाती डोकेदुखीच्या."

साहेबांना सांगायला गेले तेव्हा अपेक्षेप्रमाणेच झालं.

"मॅडम, बॉक्सवर किती मेगापिक्सेल लिहिलंय वाचलंत ना? आणि तुम्ही सातशेवीसवर चालवणार? स्वस्तातल्या फोनवरसुद्धा जास्त असतं."

"बॉक्सवर लिहिलंय ते फोटोचं आहे साहेब, आणि तेही फुगवून लिहिलेलं. मला हलता बोर्ड बघायचाय. त्याला सातशेवीस पुरे."

"कस्टमर विचारेल. कमी क्वालिटीवर चालवतो म्हणून सांगू?"

"मी सांगते काय सांगायचं ते. आधी तुम्ही येऊन बघा. परत आलेले बोर्ड आणि चांगले बोर्ड मिसळून ठेवते. मावशी दोन्ही सेटिंगवर बघतील. तुम्ही मागे उभे राहा."

मावशींना हे सांगितलं तर त्या खुर्चीवरून उठल्याच. "परीक्षा नगं बाई. चौथीतनं निघाले ती परीक्षेला भिऊनच. साहेबापुढं चुकले तर लगेच खोकी भराया धाडतील."

"चुकणार कॅमेरा आहे, तुम्ही नाही. तुम्ही फक्त रोजच्यासारखा हात चालवा."

"आन चुकलेच तर?"

"तर मी तुमच्याबरोबर खोकी भरायला येते."

"तुझ्या बाला काय सांगशील?" त्या म्हणाल्या. पण बसल्या.

आधी जुनं सेटिंग. साहेब मागे हाताची घडी घालून उभे, सुपरवायझर बाजूला. मावशींच्या हातून ब्रिजचे काही बोर्ड निसटून चांगल्यांच्या ट्रेमध्ये गेले. सुपरवायझरांनी माझ्याकडे बघितलं. मग सातशेवीस केलं, बोर्ड पुन्हा मिसळले. आता त्यांचा हात नेमका थांबत होता. एकही ब्रिज सुटला नाही. पण शेवटी शेवटी त्यांनी एक चांगला बोर्डही खराबात टाकला.

"हे बघा," साहेब लगेच म्हणाले. "हा तर चांगला आहे. चुकलं ना?"

मावशींचा हात टेबलावरून खाली मांडीवर गेला.

"तो मला द्या," मी म्हणाले. बोर्ड भिंगाखाली ठेवला, हात काढून घेतला, आकडा साहेबांच्या आवडीचा, सगळ्यात मोठा केला आणि एक फोटो काढला. दोन पायांच्या मध्ये सोल्डर नव्हतं. सोल्डर करताना उरतो तसा चिकट डाग होता, चमकणारा. हलत्या चित्रात तो ब्रिजसारखा दिसला होता. "साहेब, शंका आली की बोर्ड थांबवायचा आणि मोठ्या आकड्यावर फोटो घ्यायचा. तुमचा मोठा आकडा इथं कामाचा आहे. मावशींनी चांगला बोर्ड अडवला तर आपला एक फोटो जास्त जातो. खराब बोर्ड सोडला तर काय होतं, ते दिवाळीपासून बघतोय आपण."

साहेबांनी फोटो पाहिला. मग म्हणाले, "जुन्या सेटिंगवर मी एक बोर्ड हलवून बघू?"

मावशी उठल्या. साहेब बसले, बोर्ड सरकवला, दुसऱ्या ओळीत त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मावशी मागून म्हणाल्या, "मळमळाया लागलं का साहेब? लिंबू द्यू का?"

सुपरवायझर खोकत खोकत बाहेर गेले. साहेब मात्र मनापासून हसले. माणूस वाईट नाही. मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, हे त्यांनाही कुणीतरी कधीतरी शिकवलेलं असणार.

ते उठताना मला म्हणाले, "ठीक आहे. मावशी राहू देत टेबलवर."

मी जागची हलले नाही. "साहेब, हे त्यांना तुम्ही सांगा. त्या इथंच उभ्या आहेत."

क्षणभर त्यांना ते रुचलं नाही, हे दिसलं. पण ते वळले आणि म्हणाले, "मावशी, पॅकिंगचं कॅन्सल. टेबल तुमचंच."

"माझंच हाय," मावशी म्हणाल्या, आणि बसल्या.

शनिवारी गिऱ्हाईक कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, तरुण. त्याने विचारलंच, "लाइव्ह व्ह्यू किती रेझोल्यूशनवर ठेवलाय?" मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "सातशेवीस. मुद्दाम. फ्रेम रेट महत्त्वाचा आहे, हो ना? फोटोला आम्ही फुल वापरतो." जणू त्यांना हे जन्मापासून माहीत होतं. मी हसू दाबलं. त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं याचं मला खरंच काही वाटलं नाही. कामाची गोष्ट चार तोंडांनी सांगितली गेली तर ती टिकते.

तो माणूस मावशींच्या मागे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, किती वर्षं झाली हे काम करताय?"

मावशींनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुमाला मिशा फुटायच्या आदीपास्नं. जरा बाजूला व्हा, सावली पडतीया."

तो बाजूला झाला.

सोमवारी मी बसमधून उतरून आत आले तर मावशी वाट बघत होत्या. दुसऱ्या शिफ्टच्या मुलीने सेटिंग बदललं तर काय करायचं, ही त्यांची नवी काळजी होती. "मला दाव कुठं दाबायचं ते. रोज तुला बोलवाया न्हाई यायची मी."

मी माउस त्यांच्या हातात दिला. यादी कशी उघडते ते दाखवलं. त्यांनी माउस बोर्डासारखा चिमटीत धरला होता. तो नीट धरायला लावला. आकडे त्यांना ओळखता येत होते. दोन वेळा चुकलं, तिसऱ्या वेळी बरोबर जागी बाण गेला. मग मी सांगितलं नसताना त्यांनी यादी तळापर्यंत नेली, सगळ्यात मोठा आकडा लावला, बोर्ड भिंगाखाली धरला आणि मुद्दाम जोरात हलवला. चित्र उड्या मारत हाताच्या मागे धावलं.

"बघ कसं लंगडतंय," त्या म्हणाल्या, आणि पोटभर हसल्या.

मग त्यांनी स्वतःच आकडा सातशेवीसवर आणला, हलवून एकदा बघितलं, आणि ट्रेमधला पहिला बोर्ड उचलला.